ताज्या लाकडाची घरच्या घरी वाळवणी

लाकूडकामात जे नुकसान होते, ते पुष्कळदा सुताराच्या हातामुळे होत नाही, लाकडात राहिलेल्या पाण्यामुळे होते. दरवाजा पावसाळ्यात चौकटीत अडकतो, कपाटाचा खण ओढता ओढता हात दुखतो, टेबलाच्या फळ्यांमध्ये मार्च महिन्यात बोट जाईल एवढी फट पडते. गिऱ्हाईक सुताराला बोल लावते, सुतार वखारवाल्याला बोल लावतो आणि वखारवाला म्हणतो की मी तर माल तुमच्या डोळ्यांदेखत मोजून दिला. तिघेही आपापल्या परीने खरे असतात. फक्त लाकूड वाळवायचे काम तिघांपैकी कोणीच केलेले नसते. हे काम घराच्या पडवीत किंवा परसात, फारसा पैसा न घालता कसे करता येते, ते या लेखात क्रमाने सांगण्याचा विचार आहे.

विषय निवडण्याचे कारण असे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडपासून मंडणगड, दापोलीपर्यंत आंब्या-फणसाची, नारळी-पोफळीची झाडे आडवी झाली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने कोकणाला पुन्हा झोडपले. आजोबांनी लावलेली आंब्याची झाडे मिळेल त्या भावाने सरपणात गेली. इकडे हे होत असताना राजस्थानातील जोधपूर आणि उत्तर प्रदेशातील सहारनपूर येथून त्याच आंब्याच्या लाकडाचे सामान युरोप-अमेरिकेला जात होते व आजही जाते. आमच्याकडचे आंब्याचे लाकूड चुलीत आणि त्यांच्याकडचे दिवाणखान्यात, हा फरक लाकडाच्या जातीचा नाही. तिकडे ते वाळवून वापरतात. निर्यातीचा माल घेणारा व्यापारी आधी ओल मोजतो आणि साधारण ८ ते १२ टक्के ओल असेल तरच माल उचलतो.

पाणी कुठे असते?

आमचा धंदा कापडाचा. म्हणून कापडाच्या उदाहरणाने सांगितलेले बरे. धुतलेल्या सुती कापडात दोन प्रकारचे पाणी असते. एक धाग्याधाग्यांमध्ये साचलेले. ते पिळले की निघून जाते. दुसरे खुद्द तंतूच्या आत मुरलेले. ते पिळून निघत नाही, हवेनेच निघते. लाकडाचेही तसेच आहे. ताज्या ओंडक्यात पेशींच्या पोकळीत मोकळे पाणी असते आणि पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी असते. आधी मोकळे पाणी जाते. तोवर लाकडाचे वजन घटते, पण आकार बदलत नाही. ओल सुमारे २५ ते ३० टक्क्यांवर आली की भिंतींतले पाणी निघू लागते आणि तेथून पुढे लाकूड आकसू लागते. चिरा, वाक, पीळ यांचा त्रास बहुतेक याच टप्प्याचा.

कापूस आणि लाकूड दोन्ही मूळचे एकाच द्रव्याचे, म्हणजे सेल्युलोजचे. सूत विकत घेताना व्यापारी जाणतो की हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर सुती धाग्यात साडेआठ टक्के ओल धरली जाते, आणि हे टक्के कोरड्या वजनावर काढतात. लाकडाची ओलही कोरड्या वजनावरच काढतात. म्हणून ताज्या लाकडात १०० टक्के ओल आहे असे कोणी सांगितले तर नवल मानू नये. त्याचा अर्थ इतकाच की जितके लाकूड तितकेच पाणी.

आता हवेचा हिशोब पाहा. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड सुमारे १२ टक्के ओलीवर स्थिरावते. पावसाळ्यात ८५ टक्के आर्द्रता असेल तर १७ ते १८ टक्क्यांवर, आणि मराठवाडा-विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात ३० टक्के आर्द्रता असेल तर ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणून एकच टेबल श्रीवर्धनला नीट राहते आणि नागपूरला नेले की उकलते. कोकणातले पुष्कळ लोक आखाती देशांत आहेत. गावाकडून करून नेलेली वस्तू तेथे बाराही महिने वातानुकूलित खोलीत राहते. तेथील हवा कोरडी असते. तेव्हा वस्तू कोठे राहणार आहे ते आधी विचारावे आणि मग लाकूड किती वाळवायचे ते ठरवावे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकातही देशाचे हवामानाप्रमाणे विभाग पाडून, कोणत्या विभागात कोणत्या कामाला किती ओल चालेल, ते ठरवून दिलेले आहे.

किती आकसते?

कापड ताण्यात वेगळे आणि बाण्यात वेगळे आकसते, हे प्रत्येक शिंप्याला माहीत असते. लाकडाला तीन दिशा आहेत. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडे आकसते. आणि वर्तुळांच्या बाजूने, म्हणजे ओंडक्याच्या घेराच्या दिशेने, त्याच्या साधारण दुप्पट आकसते. या असमान आकसण्यामुळेच फळीला खोलगटपणा येतो. तिच्या कडा सालीच्या बाजूला उचलल्या जातात.

एक हिशोब करू. समजा, एखादे लाकूड ३० टक्के ओलीपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत रुंदीत ६ टक्के आकसते. आपण ते १२ टक्क्यांपर्यंतच वाळविले, म्हणजे ३० पैकी १८ टक्के ओल गेली. आकसणे झाले ६ च्या तीन पंचमांश, म्हणजे ३.६ टक्के. दहा इंच रुंदीची फळी यात जवळजवळ ३ सूत कमी होते. अशा तीन फळ्या जोडून टेबल केले असेल तर एकूण एक इंचाच्या वर फरक पडतो. आमच्या दुकानात एका सुताराने ओल्या आंब्याचा काउंटर जोडून दिला होता. पावसाळ्यात एकसंध दिसत होता. फेब्रुवारीत सांधे उघडले आणि त्यांच्या कडांत मलमलीचे आणि व्हॉइलचे धागे अडकू लागले. थान उलगडले की एक-दोन धागे ओढलेले दिसायचे. तो काउंटर पुन्हा उकलून, रंधून, जोडून घ्यावा लागला. मजुरी दोनदा गेली आणि खराब झालेले कापड वेगळेच.

पहिले काम: कापणी

झाड तोडण्याआधी कायद्याची बाजू पाहावी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, खैर ही झाडे आहेत. स्वतःच्या जागेतली असली तरी त्यांना वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शहरी भागाला १९७५ चा वेगळा कायदा आहे. वादळात पडलेल्या झाडाचे लाकूडही हलविण्यापूर्वी वन खात्याच्या कार्यालयात विचारून, वाहतुकीचा पास लागत असेल तर तो घ्यावा. कागद हातात असला म्हणजे माल निर्धास्त राहतो.

तोडायचे तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ चांगला. हवा कोरडी असते, ऊन फार तापलेले नसते आणि किडा-बुरशीचा जोर कमी असतो. ब्रह्मदेशात पूर्वी सागाचे झाड तोडण्याआधी दोन-तीन वर्षे बुंध्याभोवती साल व बाहेरचे लाकूड गोल खाचून ठेवीत. झाड उभ्या उभ्याच वाळे. कारण ताजा साग पाण्यात बुडतो आणि तेथे तर ओंडके नदीतून वाहून न्यायचे असत.

ओंडका साल ठेवून महिनोन् महिने अंगणात टाकू नये. सालीखाली भुंगा अंडी घालतो, आंब्याच्या लाकडात निळी-काळी बुरशी शिरते आणि टोकांना चिरा पडत जातात. शक्य तितक्या लवकर सॉमिलवर नेऊन फळ्या पाडाव्यात. त्यातही उशीर होणार असेल तर दोन्ही टोकांना लगेच लेप द्यावा. वितळवलेले मेण, डांबर, नाहीतर घरातला उरलेला ऑइल पेंट दोन हात लावला तरी चालतो. लाकडाचे टोक बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी सोडते. टोक आकसते, मधला भाग आकसत नाही, आणि टोक उभे चिरते. लेप त्याच दिवशी लावला तर उपयोग. चार दिवसांनी चिरा पडल्यावर लावलेला लेप म्हणजे रोग्याचा ताप उतरल्यावर दिलेले औषध.

फळी पाडताना दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. एक, मधला भेंड ज्या फळीत येईल ती फळी हमखास चिरते. तो भाग कापून बाजूला काढावा. दुसरी, जाडी वाढवून घ्यावी. रंधून ६ सुताची फळी हवी असेल तर ९ सुताची पाडून घ्यावी. आकसणे, वाक आणि रंधा, तिघांचा वाटा त्यातून जातो.

दुसरे काम: चळत रचणे

सारी विद्या चळतीत आहे. फळ्या भिंतीला टेकवून ठेवणे किंवा एकीवर एक सरळ ठेवणे, या दोन्ही रीती नुकसानीच्या. टेकवलेली फळी वाकते, आणि हवेला वाट न ठेवता रचलेली फळी बुरसते.

जागा सावलीची, पण वाऱ्याची निवडावी. थेट ऊन नको. उन्हात वरचा थर झपाट्याने वाळून कडक होतो आणि आतली ओल कोंडते. पुढे आतला भाग आकसू लागला की लाकूड आतल्या आत फाटते. बाहेरून ते दिसतही नाही. खाली विटांचे किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांचे पाये करून जमिनीपासून निदान एक ते दीड फूट उंची ठेवावी, म्हणजे जमिनीची ओल व वाळवी दोन्ही दूर राहतात. पायांचे माथे दोरी लावून एका पातळीत आणावेत. पाया वाकडा तर फळी वाकडी, आणि वाळल्यावर तो वाक कायमचा.

पायांवर आडवे वासे, त्यावर फळ्यांचा पहिला थर. दोन फळ्यांत एक इंच मोकळी जागा. मग त्या थरावर आडव्या रिपा ठेवाव्यात. रिपा कोरड्या लाकडाच्या, साल नसलेल्या आणि सर्व एकाच जाडीच्या, सुमारे एक इंच, असाव्यात. दोन रिपांमधले अंतर दीड ते दोन फूट. आंब्यासारख्या लाकडाला दीड फूटच बरे. दोन्ही टोकांशी अगदी कडेला रीप हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वरच्या थराची रीप खालच्या रिपेच्या बरोबर वर यावी, ओळंब्यात. रीप थोडी सरकली की वरचे वजन मधल्या पोकळीत पडते आणि फळीला झोल येतो.

लांब फळ्या खाली आणि आखूड वर ठेवाव्यात. सर्वांत वर वजन ठेवावे. कोकणात जांभ्याचे चिरे दारात पडलेले असतात, त्यांच्याइतके चांगले वजन नाही. त्यावर उताराचा पत्रा, चहूबाजूंनी एक फूट बाहेर आलेला. बाजू मोकळ्या सोडाव्यात. पुष्कळजण पावसाच्या भीतीने चळतीला प्लास्टिक गुंडाळतात. प्लास्टिकच्या आत घाम सुटतो आणि आठवड्याभरात फळ्यांवर बुरशी चढते. बाभूळ किंवा ऐन यांसारखे जड लाकूड असेल आणि एप्रिल-मेचा कोरडा वारा लागत असेल, तर वाऱ्याच्या बाजूला गोणपाट टांगून वाळण्याचा वेग थोडा कमी करावा. जड लाकूड घाईला चिरते. आंबा उलट. त्याला दिरंगाई सोसत नाही, तो बुरसतो. म्हणून जातीजातींची चळत वेगळी हवी.

झाड पावसाळ्याच्या तोंडावर पडले तर? निसर्ग वादळ नेमके जूनमध्ये आले होते. अशा वेळी फळ्या पाडून छपराखाली आणाव्यात, रिपा थोड्या जाड घ्याव्यात आणि शक्य असेल तर पहिले पंधरा-वीस दिवस चळतीजवळ पंखा चालू ठेवावा. पावसाळ्यात लाकूड १८-२० टक्क्यांच्या खाली सहसा जाणार नाही, पण बुरशीपासून वाचेल. उरलेले काम दिवाळीनंतरची हवा करील.

किड्याचा बंदोबस्त

आंबा आणि रबर यांसारख्या लाकडात कणसाठा असतो आणि पीठ पाडणाऱ्या भुंग्याला तोच हवा असतो. सागाचा गाभा तो सहसा खात नाही, मात्र सागाचा बाहेरचा पांढरा भाग खातो. केरळात रबराच्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी देतात, तेव्हाच ते फर्निचरच्या बाजारात चालते. घरीही हे जमते. वजनाने दीड भाग बोरॅक्स आणि एक भाग बोरिक ॲसिड घ्यावे. दोन्ही मिळून साधारण १ किलो, १० लिटर कोमट पाण्यात विरघळवावे. पाडलेल्या दिवशीच ओल्या फळ्या त्यात नीट बुडवून काढाव्यात. मग मात्र, वरच्या नियमाला एवढाच अपवाद, फळ्या एकीवर एक ठेवून आठ-दहा दिवस प्लास्टिकने झाकाव्यात, म्हणजे औषध ओल्या लाकडात आत मुरते. त्यानंतर रिपांची चळत करावी. हातमोजे वापरावेत आणि पाणी मुलांच्या व जनावरांच्या वाटेत ठेवू नये. पोळपाट, लाटणे, ताट अशा खाण्याच्या कामाच्या लाकडाला हे औषध देऊ नये. पावसात भिजणाऱ्या कामालाही उपयोगी नाही, कारण ते पाण्याबरोबर धुऊन जाते.

वाळले की नाही, कसे ओळखावे?

एक इंच जाडीला एक वर्ष, असा एक ठोकताळा सांगतात. तो थंड मुलुखातला आहे. आमच्याकडे नोव्हेंबरात रचलेली इंचभर जाडीची आंब्याची फळी साधारण ३ ते ४ महिन्यांत हवेच्या बरोबरीला येते. जड लाकडाला याहून बराच वेळ लागतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट नव्हे, अडीच-तीनपट धरावा. पण अंदाजावर धंदा करू नये. तराजू आहे, त्याचा उपयोग करावा.

रीत अशी. चळतीतल्या एका चांगल्या फळीचा, टोक सोडून आतून, तीन फुटांचा नमुना कापावा. त्याच्या शेजारूनच एक इंच लांबीचा, फळीच्या पूर्ण रुंदीचा आडवा तुकडा काढून लगेच वजन करावे. हा तुकडा घरच्या ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवावा आणि मधून मधून वजन करीत जावे. वजन घटायचे थांबले, म्हणजे तो पूर्ण कोरडा झाला. त्याला एक दिवसही लागेल. समजा, ताजे वजन १६० ग्रॅम आणि कोरडे १०० ग्रॅम भरले. पाणी ६० ग्रॅम, म्हणजे ओल ६० टक्के. आता तीन फुटांच्या नमुन्याचे ताजे वजन ४ किलो ८०० ग्रॅम असेल तर त्याला १.६ ने भागावे. कोरडे वजन निघाले ३ किलो. १२ टक्के ओलीला तो नमुना ३ किलो ३६० ग्रॅम भरला पाहिजे. नमुन्याच्या दोन्ही टोकांना लेप देऊन तो चळतीतच, सहज काढता येईल असा ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी वजन करून तारखेसह वहीत लिहावे. ३ किलो ४५० ग्रॅमवर आला तर १५ टक्के झाले. वजन एका जागी थांबले म्हणजे हवा देऊ शकते तेवढे तिने दिले.

सुया टोचून ओल दाखवणारे मीटर बाजारात मिळते. धंदा करणाऱ्याने ते घ्यावे. पण फळी मध्यावर कापून ताज्या कापावर टोचावे. वरचा पृष्ठभाग नेहमी कोरडाच दिसतो. आणि ३० टक्क्यांच्या वर त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

शेवटचा टप्पा

कोकणच्या हवेत लाकूड १२ ते १५ टक्क्यांपर्यंत येईल. घाटावरच्या किंवा वातानुकूलित खोलीतल्या वस्तूला ते अजून वाळवावे लागते. त्यासाठी फळ्या घरात आणून, माळ्यावर किंवा कोरड्या खोलीत, रिपांवरच रचून पंख्याखाली काही आठवडे ठेवाव्यात. धंदा वाढवायचा असेल तर उन्हाच्या उष्णतेची छोटी खोली करता येते. दक्षिणेकडे उतरते पारदर्शक प्लास्टिकचे छप्पर, त्याखाली काळा रंग दिलेला पत्रा, एक पंखा आणि ओली हवा बाहेर जायला दोन झरोके. जड जातीचे ताजे लाकूड मात्र सरळ या खोलीत घालू नये. आधी चळतीत २० टक्क्यांपर्यंत आणावे, मग खोलीत.

वस्तू बनवतानाही लक्षात ठेवावे की वाळलेले लाकूड मेलेले नसते. पावसाळ्यात ते थोडे फुगणार, उन्हाळ्यात थोडे आकसणार. चौकटीच्या खाचेत बसवलेल्या फळीला चहूकडून सरस किंवा फेविकॉल लावून बांधू नये, तिला हलायला जागा ठेवावी. टेबलाची फळी खालच्या चौकटीला बसवताना स्क्रूची भोके थोडी लांबट पाडावीत.

खर्चाचा विचार केला तर यात काय लागते? विटा, रिपा, पत्रा, थोडे मेण आणि चार-सहा महिने थांबायची तयारी. ज्याचे भांडवल थोडे, त्याला थांबणे जड जाते हे खरे. त्याने सगळा माल एकदम वाळवायला घालू नये. दर महिन्याला थोडा थोडा रचत जावे, म्हणजे सहा महिन्यांनी दर महिन्याला थोडा थोडा वाळलेला माल हाती येऊ लागतो आणि काम बंद पडत नाही. गिऱ्हाइकाला वस्तू देताना वहीतला ओलीचा आकडा बिलावर लिहून द्यावा. कापडाच्या धंद्यात धुतल्यावर न आकसणाऱ्या कापडाला दोन पैसे जास्त देणारे गिऱ्हाईक नेहमीच असते. लाकडातही ते आहे. त्याला फक्त खातरी हवी असते, आणि ती खातरी तराजूने देता येते.